बऱ्या दिवसांचं औषध

मला दमा आहे हे मला चाळिशीत कळलं. त्याआधी मला खोकला आहे, एवढंच माहीत होतं. गणपती गेले की तो सुरू व्हायचा आणि संक्रांतीपर्यंत रेंगाळायचा. पहाटे तीन-चारच्या सुमारास छाती आवळून यायची, उठून बसावं लागायचं, आणि उजाडलं की सगळं आपोआप ओसरायचं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉक्टरांना दाखवण्यासारखं काही उरायचं नाही. मग खोकल्याचं औषध, कधी अँटिबायोटिक, कधी वाफ. पुण्यात हडपसरला राहणाऱ्या माणसाला खोकल्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सोलापूर रोडची वाहतूक आहे, गाडीतळावरचा धूर आहे, चारी बाजूंना उभ्या राहणाऱ्या इमारतींची सिमेंटची धूळ आहे. ‘धुळीचा त्रास’ असं घरात सगळेच म्हणायचे.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी बराच वेळ प्रश्नच विचारले. पहाटे जाग येते का? फोडणीचा वास आला की खोकला येतो का? शिंका, नाक चोंदणं? घरात कुणाला असा त्रास होता का? माझे आजोबा गावाकडे ओट्यावर उशांचा ढीग करून बसल्या-बसल्या झोपायचे, ते मला तेव्हा आठवलं.

मग स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून, फुप्फुसं रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. समोरची मुलगी ‘अजून, अजून, सोडू नका’ म्हणत होती. त्यानंतर मला औषधाचा फवारा दिला, थोडा वेळ बाहेर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दुसऱ्या वेळी चांगलीच वाढली होती. औषधानंतर ही हवा निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढली, तर श्वासनळ्या आवळलेल्या होत्या आणि त्या सुटू शकतात, असा त्याचा अर्थ. डॉक्टर म्हणाल्या, “दमा आहे. आणि एक लक्षात ठेवा, एखाद्या चांगल्या दिवशी हीच चाचणी नॉर्मलही येऊ शकते. तेव्हा दमा गेला असं समजायचं नाही.”

मला समजलं नाही. आजोबांना दमा होता, कारण ते दिसत होतं. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या असायच्या, छातीतला सूं सूं आवाज दारापर्यंत ऐकू यायचा. मी तर त्या दिवशी जिने चढून वर आले होते. ज्या दिवशी धाप लागत नाही, त्या दिवशी माझ्यात नेमकं काय असतं, हा प्रश्न मी तिथेच विचारला. पुढचे कित्येक महिने माझं सगळं गोंधळणं याच एका प्रश्नाभोवती होतं.

डॉक्टरांनी कागदावर श्वासनळीचा आडवा छेद काढून दाखवला. बाहेरून स्नायूचा पट्टा, आत नाजूक अस्तर. दम्यात दोन गोष्टी होतात. स्नायू आवळतो, तो त्रास आपल्याला जाणवतो. पण त्याच्या आधीपासून अस्तराला सूज असते, ती जाणवत नाही. सुजलेलं अस्तर चिडकं असतं. धूर, परागकण, सर्दीचा विषाणू, गार हवा, काहीही लागलं की स्नायू आवळतो आणि चिकट कफ सुटतो. धाप गेली तरी सूज राहते. “तुम्ही ज्याला बरे दिवस म्हणता, त्या दिवसांत हा आजार झोपलेला नसतो,” त्या म्हणाल्या. “उपचार करायचे ते त्याच दिवसांत.”

घरी आले ती दोन पंप घेऊन. आमच्याकडे इनहेलरला सगळे पंपच म्हणतात. एक धाप लागली तर घ्यायचा आरामाचा पंप, सालब्युटामॉलचा. तो आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल करतो आणि चार-सहा तास टिकतो. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, धाप असो वा नसो. त्यात सूज उतरवणारं स्टेरॉइड असतं. पहिल्या पंपाचा गुण लगेच कळतो. दुसऱ्याचा गुण कळायला दिवस, कधी आठवडे जातात, आणि कळतो तोही काहीतरी न झाल्यामुळे. जाग आली नाही, खोकला झाला नाही, एवढंच. माणसाचा विश्वास साहजिकच पहिल्यावर बसतो. मेडिकलच्या दुकानात मी उभी असताना लोक येतात, तोच एक पंप मागतात आणि जातात. पण त्याने सुजेला काही होत नाही. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या अशा तात्पुरत्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारं औषध बरोबर हवंच. काही रुग्णांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप देतात. तो रोजही चालतो आणि धाप लागल्यावरही. आपल्याला कोणता दिला आहे आणि कशासाठी, हे विचारून घ्यायला हवं.

‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकल्यावर घर गप्प झालं. सासूबाईंना भीती वाटली आणि मलाही वाटली. ती भीती घेऊनच मी पुढच्या भेटीला गेले. डॉक्टरांनी हिशेब करून दाखवला. पंपाच्या एका झटक्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड असतं. दम्याचा जोराचा झटका आला की मोठ्या माणसाला पोटातून प्रेडनिसोलोन देतात, ते बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने दोनशे पट. ही दोन औषधं वेगळी आहेत, त्यांची ताकद सारखी नाही, पण अंदाज यायला हा हिशेब पुरे. पंपाचं औषध जिथे हवं तिथेच जाऊन पडतं, म्हणून इतकं थोडं पुरतं. घशात उरलेल्या औषधाने तोंडात बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायचं. “रोजचं थोडं टाळलं की मग वर्षातून चार वेळा मोठं घ्यावं लागतं,” त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. दम्यावर हमखास गुण म्हणून विकल्या जाणाऱ्या काही निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलं आहे, तेही किती ते न सांगता. ज्याची भीती वाटते तेच माणूस नकळत पोटभर घेत असतो.

पंप घ्यायचा कसा, हे शिकायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास घ्यायला लागायचं आणि त्याच क्षणी दाबायचं. मग दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखायचा. दुसरा झटका घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबायचं. हात आणि श्वास यांची वेळ जुळणं अनेकांना अवघड जातं, त्यांच्यासाठी स्पेसर असतो, प्लॅस्टिकचा लांबट डबा. पंपाचं औषध आधी त्यात जातं आणि आपण ते सावकाश ओढून घेतो. मला तोच सोयीचा पडला. तो साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचा आणि न पुसता वाळवायचा, कारण फडक्याने पुसल्यावर प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर रीत उलटी, तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. एकच आजार, आणि साधन बदललं की श्वास घेण्याची पद्धत बदलते. हे कुणीतरी समोर बसवून करून घेतल्याशिवाय येत नाही. आता दर भेटीला मी पंप सोबत नेते आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवते.

या साधनाची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या जॉर्ज मेसन नावाच्या प्रमुखाला त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की केसांचा स्प्रे असतो तसं माझं औषध डबीत का मिळत नाही? तोपर्यंत काचेची नाजूक यंत्रं हाताने दाबत औषध ओढावं लागायचं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. सालब्युटामॉल १९६९ मध्ये आलं आणि ओढून घ्यायचं स्टेरॉइड त्यानंतर काही वर्षांनी. माझ्या आजोबांच्या ओट्यापर्यंत यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला रात्रभर बसून राहणं आलं. पंप पर्समध्ये ठेवताना मला हे आठवतं आणि त्या मुलीबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

पंप आणि स्पेसर यांच्यानंतरची तिसरी वस्तू म्हणजे पीक फ्लो मीटर. एक साधी नळी, तिच्यावर आकडे, आत सरकणारा काटा. उभं राहून एका दमात जोरात फुंकायचं, असं तीनदा करायचं आणि काटा सर्वांत वर कुठे थांबतो ते लिहून ठेवायचं. चांगल्या दिवसांत माझा सर्वांत वरचा आकडा ३८० निघाला. त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे साधारण ३०० च्या वर असेन तर हिरवा पट्टा. १९० ते ३०० पिवळा. अर्ध्याच्या, म्हणजे १९० च्या खाली लाल. सुरुवातीला मला या नळीचं प्रयोजन कळेना. मला कसं वाटतंय हे मलाच माहीत नसेल का? पण थंडीच्या तोंडावर एकदा मला अगदी ठीक वाटत होतं, आणि आकडा मात्र रोज थोडा खाली येत गेला. दोन दिवसांनी सर्दी बाहेर पडली आणि रात्री छाती आवळली. माझ्या जाणिवेच्या आधी ते नळीला कळलं होतं. वर्षानुवर्षं आवळलेल्या श्वासाची सवय झालेल्या माणसाला तो आवळलेला आहे हे जाणवतच नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

डॉक्टरांनी मला चार प्रश्न पाठ करायला सांगितले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काही करायचं राहून गेलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ विचार केला. कारण कितीतरी गोष्टी मी वर्षानुवर्षं सोडून दिल्या होत्या आणि त्यामागे दमा आहे हे मला माहीतच नव्हतं. जोरात हसणं टाळायचे. मुलगी पावसात भिजायला बोलवायची, तेव्हा खिडकीतून बघायचे.

नातेवाइकांना कळल्यावर सल्ले सुरू झाले. मृगाला हैदराबादला जाऊन मासा घ्यावा, असं एका मामांनी सांगितलं. तिथे बत्तिनी गौड कुटुंब पिढ्यानपिढ्या जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून ते दमेकऱ्यांना गिळायला देतं आणि आपल्याकडूनही पुष्कळ लोक जातात. कुणी कोजागिरीच्या रात्रीच्या औषधी खिरीचं सुचवलं. हे सगळे सल्ले मायेपोटी होते, हे मला माहीत आहे. मी डॉक्टरांना विचारलं. दमा त्याने जातो याचा पुरावा नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. “आणि तिथल्या आशेवर लोक पंप बंद करतात, मला भीती त्याची वाटते.” एका काकूंनी वेगळाच सल्ला दिला: पंप कुणासमोर घेऊ नकोस, उद्या मुलीची सोयरीक पाहायची आहे. हा सल्ला मला सर्वांत जास्त लागला. दमा संसर्गजन्य नाही. त्याचा कल घराण्यात असू शकतो, तसा मधुमेहाचाही असतो. पण मधुमेहाची गोळी माणूस पंगतीत बसून घेतो आणि पंपासाठी बाथरूमचं दार लावतो. मी पंप सगळ्यांसमोर घेते. मुलीला पुढे कधी गरज लागली तर तिने दार लावू नये, यासाठी.

मग घराकडे पाहायला शिकले. धूळ म्हटलं की मी बाहेरच्या रस्त्याचा विचार करायचे. डॉक्टरांनी गादीबद्दल विचारलं. गादी-उशांमध्ये डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेची अॅलर्जी दम्यात फार आढळते. झुरळांचीही. आता चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुते, केर काढण्याऐवजी ओलं पुसते, आणि झुरळांसाठी फवारा न मारता जेल लावते. मच्छर कॉइल कायमची बंद झाली. एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, ते सुमारे शंभर सिगारेटींइतके असतात. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने ही गोष्ट अनेकदा लोकांसमोर मांडली आहे. आम्ही तीच कॉइल उशाशी लावून, खिडक्या बंद करून झोपत होतो, आणि घरोघर झोपतात. आता मच्छरदाणी आहे. उदबत्तीचा प्रश्न नाजूक होता. सासूबाईंनीच तो सोडवला. “देवाला दिवा पुरतो, फूल पुरतं,” म्हणाल्या, आणि धुपाटणं वर ठेवून दिलं. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या दिवशी त्या मला माहेरी धाडतात आणि कांडपाला स्वतः जातात.

बाहेरचं वर्ष मी आता वेगळ्या पंचांगाने मोजते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, बुरशी येते. पाऊस सरताना कालव्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरतं. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं सांगतात. त्याच्या परागांनी काहींचं नाक वाहतं, काहींची छाती भरते. माझा ‘गणपती गेल्यानंतरचा खोकला’ याच दिवसांतला. मग दिवाळी. २०१६ मध्ये चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीतून निघाले. आवाज नाही, ठिणग्या नाहीत, म्हणून आपण ती सर्वांत लहान मुलांच्या हातात देतो, आणि ती मुलं तिच्यावर वाकून बघतात.

त्यानंतर थंडी. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही हवेची पाहणी पुण्यात २०१३ पासून आहे आणि तिचं एक केंद्र हडपसरलाही आहे. थंडीत सकाळचे आकडे वर का असतात, हे मला तेव्हा समजलं. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि वर तुलनेने उबदार थर बसतो. भोवती टेकड्या, वारा पडलेला. रात्रभराचा धूर खालीच साचून राहतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. म्हणजे ज्या वेळी मी तब्येतीसाठी फिरायला जायचे, तीच वेळ माझ्यासाठी सर्वांत वाईट होती. आता डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी लवकर जाते. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ हे सूक्ष्म कण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ ठरवली. या दोन आकड्यांच्या मधल्या हवेत माझी छाती बोलते.

आषाढी वारीची गोष्ट सांगायला हवी. ज्ञानोबा आणि तुकोबा, दोघांच्या पालख्या पुण्याहून निघाल्या की हडपसरला येतात आणि इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रोडने लोणी काळभोरला. लहानपणापासून मी गाडीतळापर्यंत जाऊन दर्शन घेत आले. घाट चढायचं मनात यायचं आणि तिथेच राहायचं. चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच होतं. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी ‘नको’ म्हटलं नाही. रोजचं औषध काही महिने नियमित चाललेलं हवं, आकडा हिरव्यात हवा, चढ सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आरामाचा पंप घ्यायचा, आणि हळूहळू सुरुवात करायची. मी सासवडपर्यंत चालले. घाटात हजारो टाळ एकदम वाजत होते आणि मी पहिल्यांदा माझ्या श्वासाकडे लक्ष न देता वर बघत चढत होते. दमा असलेल्या माणसाला किती जगता येतं, याची माझी कल्पना त्या दिवशी बदलली.

पण आजार गेलेला नाही. त्याच वर्षी थंडीत मला फ्लूसारखा ताप आला आणि दोन दिवसांत आकडा पिवळ्यात गेला. फ्रिजवर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवलेला आहे. हिरव्यात काय घ्यायचं, पिवळ्यात काय वाढवायचं, किती वेळाने फोन करायचा, लालमध्ये काय. त्या रात्री विचार करायची शक्ती माझ्यात नव्हती आणि गरजही पडली नाही. यजमानांनी कागद वाचला, त्याप्रमाणे औषध वाढवलं, सकाळी डॉक्टरांशी बोलून थोडे दिवस पोटातली गोळी सुरू झाली. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. कागदाच्या तळाशी लाल शाईत जे लिहिलंय ते घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे: एक वाक्य एका श्वासात बोलता येत नाही, आरामाचा पंप घेऊन आराम पडत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो, तर वाट पाहायची नाही, पंप स्पेसरमधून देत राहायचा आणि १०८ ला फोन करायचा.

हे इतक्या तळमळीने लिहिते आहे त्याला कारण आहे. २०१९ च्या जागतिक अभ्यासातल्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के आपल्याकडे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के आपल्याकडे. मी हे आकडे वाचले तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. हा आजार आपल्याकडे आला की जास्त क्रूर होतो, असं काही नाही. निदान होत नाही, झालं तर रोजचं औषध सुरू होत नाही, सुरू झालं तर बरं वाटल्यावर थांबतं. खर्च आहेच. महिन्याच्या सामानात दर महिन्याला एक पंप बसवणं सगळ्यांना सोपं नाही. म्हणून रोजचा पंप स्वस्तात, सरकारी दवाखान्यात, खात्रीने मिळायला हवा. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत केलेला आहे. ते मिठासारखं सगळ्यांच्या घरात पोहोचलं पाहिजे.

मी विचारलं होतं, “बंद कधी होईल?” डॉक्टरांनी तारीख दिली नाही. दमा सलग तीनेक महिने आटोक्यात राहिला, की मात्रा एकेक पायरी कमी करून बघतात, आणि आटोक्यात राहील इतक्या कमीत कमी औषधावर माणसाला ठेवतात. माझी एक पायरी उतरली आहे. आता तो प्रश्न मला पूर्वीसारखा छळत नाही.

औषध, गादी, कागद, हे माझ्या हातात आहे. हवा सगळ्यांची आहे. आमच्या सोसायटीत थंडीत पहाटे वाळलेला पाला पेटवतात, त्यात प्लॅस्टिकही जातं, आणि वॉचमनकाका त्या शेकोटीभोवती रात्र काढतात. तो धूर माझ्या खिडकीत येतो तेव्हा पातळ झालेला असतो, त्यांच्या छातीत तो थेट जातो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि पाच हजार रुपयांपासून दंड ठरवला. पण दंडाचा धाक दाखवून थंडी जात नाही. मे महिन्यातल्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या: पाल्यासाठी कंपोस्टचा खड्डा, वॉचमन लोकांसाठी जाड जॅकेट आणि त्यांच्या खोलीत हीटर, आणि शेजारच्या बांधकामावर पाणी मारायला बिल्डरला पत्र. कुणी म्हणालं, आत्ताच कशाला, थंडीला अजून खूप वेळ आहे. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता. ठराव झाला. खड्डा दसऱ्याच्या आत तयार हवा, अशी तारीख मी इतिवृत्तात लिहून घेतली आहे.